माझ्या तेरवीच्या अंदाजपत्रकास हरकत

जबाब, दि. ०९/१२/२०२५, मंगळवार. लिहिण्यास सुरुवात सकाळी १०.४० वाजता.

नाव अण्णाजी सदाशिवराव काळबांडे, वय ७३ वर्षे, शिक्षण सातवी, धंदा शेती (सध्या मुलगा पाहतो) व गावातील लग्न, तेरवी, भागवत सप्ताह यांच्या जेवणावळीचा अंदाज काढून देणे, राहणार मौजा टेंभरी, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा.

मी कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या पायाने ठाण्यात आलो असून, महिला हवालदार कोकिळाबाई यांच्यासमोर खुर्चीवर बसून सांगतो ते असे की,

मी वरील ठिकाणी पत्नी विमलाबाई, मुलगा सचिन व सून वर्षाली, वय २९, यांच्यासह राहतो. वर्षाली बी.कॉम. असून आर्वीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहिते. तिला टीव्हीवरच्या मालिका काढणाऱ्या मंडळींकडे मुंबईस नोकरी लागत आहे. काम असे की, मालिकेत जे जे दाखवायचे त्याला किती खर्च येईल ते आधी काढून द्यायचे. हजर होण्याची तारीख १५ डिसेंबर आहे. त्या मंडळींनी दोन कागद मागितले आहेत. एक शिकवणी पास झाल्याचा आणि दुसरा वर्तणूक चांगली असल्याचा, पोलिसांचा. दुसऱ्या कागदासाठी तिचा अर्ज याच ठाण्यात आला असून तो कोकिळाबाईंच्या टेबलावर चहाच्या कपाखाली मला दिसत आहे.

सदर कागद देण्यास माझी हरकत आहे. कारण माझ्या सुनेने रविवार दि. २१/१२/२०२५ रोजी माझी तेरवी ठरवली असून मला विचारलेले नाही. शिवाय आवतण घरटी एक ठेवले आहे.

घरटी एक आणि चूलबंद यातला फरक कोकिळाबाईंना माहीत आहे. परंतु कागद वर गेल्यास तिथल्या साहेबांसाठी लिहून घ्यावे. चूलबंद आवतण म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटणार नाही. म्हातारी, लेकरे, आलेला पाहुणा, सारे आपल्याकडे जेवतील. घरटी एक म्हणजे घरातून एकाने यायचे, बाकीच्यांनी घरी भाकर थापायची. मी चाळीस वर्षांत दोनशेच्या वर कार्यांचे अंदाज काढले. ऐपत पाहून दुसऱ्याला घरटी एक सांगितलेही असेल. माझ्या घरचे प्रत्येक कार्य, बारशापासून, चूलबंद झालेले आहे.

तेरवी २१ तारखेस असेल तर मागे मोजत गेल्यास पहिला दिवस ९ तारखेस पडतो. आजकाल लोक सोयीचा रविवार पाहून तेरवी पुढेमागे करतात. माझ्या घरी तसे होणार नाही, तेरावा म्हणजे तेरावाच. आज ९ तारीख आहे. म्हणून मी सकाळी आठ वाजल्यापासून ठाण्याच्या बाकावर बसून आहे. सुनेवर माझा तसा संशय नाही. पण एकदा तारीख निघाली आणि मंडप सांगून झाला की कार्य पार पडतेच, असा माझा अनुभव आहे.

आता हकीकत सुरुवातीपासून सांगतो. सप्टेंबर महिन्यात वर्षालीने घरी सांगितले की, सिंदी मेघे येथे झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत विक्की सर नावाचे गृहस्थ दर शनिवार-रविवारी शिकवणी घेतात. ते अकरा वर्षे मुंबईस मालिकांच्या खर्चाचे काम पाहत होते. आडनाव ते लावत नाहीत. शिकवणीचा विषय सिनेमा व टीव्हीचे अंदाजपत्रक काढणे. सचिन म्हणाला, "हे काय कामाचं?" तेव्हा मीच म्हणालो, "जाऊ दे तिले. अंदाज काढणं ह्या घरचंच काम हाय." म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ. हे मी नाकारत नाही.

ती रविवारी संध्याकाळी एस.टी.ने परत आली की हातपाय धुऊन माझ्याजवळ बसे व आज काय शिकवले ते सांगे. विक्की सरांची रीत अशी की, सीन हातात घ्यायचा, एकेक ओळ वाचायची, आणि पैसा लागेल अशा प्रत्येक गोष्टीखाली रेघ मारायची. 'म्हातारा बैलगाडीतून येतो' इतकेच लिहिले असले तरी त्यात म्हातारा, दोन बैल, गाडी, गाडीवान, बैलांचा चारा, म्हाताऱ्याचे धोतर, आणि ते चिखलात माखले तर दुसरे धोतर, अशा सात ओळी निघतात. दुसऱ्या धोतराचे ऐकल्यावर मी त्या माणसाला मनातून मानले. आमच्या धंद्यातही वरणाचा दुसरा गंज, म्हणजे मोठे पातेले, हिशेबात न धरणारा माणूस दुपारी दोन वाजता तोंड लपवत फिरतो.

मीही तिला माझे शिकवले. मी सांगितले, "माणसं मोजू नको, चुली मोज. माणसं येतो म्हणते अन् येत नाई. चूल जागची हालत नाई." हे तिने शिकवणीत सांगितले असता विक्की सरांनी फळ्यावर लिहिले व खाली माझे नाव घातले, असे ती म्हणाली. खरेखोटे मला माहीत नाही. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

नोव्हेंबरमध्ये शेवटचा अभ्यास देण्यात आला. सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याला जो सीन येईल त्याचे त्याने अंदाजपत्रक काढायचे. अट अशी की, हवेतला भाव चालणार नाही, प्रत्येक ओळीला खऱ्या दुकानदाराचे, शिक्का मारलेले कोटेशन पाहिजे. कुंदन नावाच्या मुलाला विमानाचा अपघात आला. आख्ख्या वर्धा जिल्ह्यात विमानाचे कोटेशन कोणी देईना, म्हणून त्याला चिठ्ठी बदलून दिली. वर्षालीला आलेल्या चिठ्ठीवर लिहिले होते: गावातल्या मोठ्या माणसाची तेरवी, दिवसा, बाहेर. खर्चाची मर्यादा एक लाख पंचवीस हजार.

दि. २४ नोव्हेंबर रोजी वर्षाली आर्वीस भैय्याजींच्या बिछायत केंद्रात गेली व मंडप, सतरंज्या, खुर्च्या यांचा भाव विचारला. भैय्याजींनी विचारले, कोणाकडचे कार्य? ती म्हणाली, "टेंभरीच्या अण्णाजी काळबांड्याची तेरवी धरा." असे का सांगितले, हे मी तिला नंतर विचारले. ती म्हणाली, "तुमच्या नावानं खुर्ची आठ रुपयाले भेटते मामाजी. दुसऱ्या कोणाच्या नावानं बारा." हे खरे आहे. माझ्याकडून बारा घेण्याची भैय्याजींची हिंमत नाही. फॉर्मवर तारीख लागते म्हणून तिने रविवार पाहून २१ सांगितली. भैय्याजींनी शिक्का मारला, वर 'कै. अण्णाजी काळबांडे' असे लिहिले, आणि पुढे काही न विचारता हात जोडले. सुनेचे डोळे लाल होते, असे त्यांचे म्हणणे पडले. ते एस.टी.च्या धुळीने होते.

दि. ६ डिसेंबर, शनिवारी मी चष्म्याची काडी बसवून घेण्यासाठी आर्वीस गेलो. डेपोच्या कॅन्टीनमध्ये डोमाजी आचारी चहा पीत होता. त्याने माझ्या अंदाजावर तीस वर्षे स्वयंपाक केला आहे. त्याने मला पाहिले. चहा पूर्ण प्यायला, गिलास खाली ठेवला आणि म्हणाला, "अण्णाजी, तुमी तं गेलते ना?"

मी म्हणालो, "कोठी?"

तो म्हणाला, "एकवीसले तेरवी हाय तुमची. भैय्याजीनं सांगतलं. म्या सामानाची यादीबी काढून ठेवली."

मी म्हणालो, "डोमाजी, मी जित्ता हावो."

"ते दिसूनच राह्यलं," डोमाजी म्हणाला. "आता आलेच तं सांगून टाका, बुंदी करू का जिलेबी? मांगून घरच्यायत भांडणं होते."

मी बुंदी सांगितली. त्याने मजुरीचे नऊ हजार सांगितले. मी म्हणालो, वांग्याची भाजी, वरण, भात, पोळी, कढी, याचे नऊ हजार कसे होतात? घासाघीस करून साडेसात हजारांवर आणले. कोणाच्या तेरवीचे बोलणे चालले आहे, हे त्या वेळी माझ्या ध्यानात राहिले नाही. ते परत येताना, एस.टी. गावच्या पुलावर आल्यावर ध्यानात आले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास माझी थोरली बहीण तानाबाई, वय ७८, ही भैय्याजींची बातमी ऐकून तीन बायकांसह तिच्या गावाहून आली. रीतीप्रमाणे तिने वेशीपासून रडणे सुरू केले होते. मी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. तिने मला पाहिले, परंतु थांबली नाही. येऊन बसली, माझ्याच गळ्यात हात टाकला आणि राहिलेले रडणे पूर्ण केले. त्यास पंधरा मिनिटे लागली. मग पाणी मागून म्हणाली, "काढलेलं रडणं पोटात ठेवू नाई बापा, बाधते." चौघीही जेवून गेल्या. रडण्यात तिने माझ्याबद्दल जे सांगितले त्यातले बरेच मला माहीत नव्हते. तिच्या लग्नात मी तिच्या बैलगाडीमागे किती लांब पळत गेलो होतो, हे तिने आजवर तोंडाने कधी सांगितले नव्हते.

त्याच दुपारी, शिकवणी शनिवारी संपल्याने घरीच असलेल्या वर्षालीकडे मी अभ्यासाची फाइल मागितली. तिने ती दिली व भांडी घासायला निघून गेली. फाइलमध्ये माझ्या तेरवीच्या तीन प्रती होत्या. पहिली प्रत चूलबंद. गावच्या १४२ चुली, माणूस ६१२, वांगी ७५ किलो, बुंदी, रडणाऱ्या बायका वीस. त्यात मयत माणूस आठवणीत दिसतो व पंगतीत उभा राहून दोन वाक्ये बोलतो: "बसा, बसा, जागा आहे" आणि "जेवल्याशिवाय कोणी जाऊ नका." त्या नटाचे मानधन दीड हजार. ही दोन्ही वाक्ये माझी आहेत, गावात कोणालाही विचारावे. एकूण खर्च तीन लाख सहा हजार. त्यावर विक्की सरांनी लाल शाईने लिहिले होते: 'हे कार्य झाले, सीन नाही. कापा.'

दुसऱ्या प्रतीत चारशे माणूस, बारा बायका आणि माझे एकच वाक्य उरले होते. त्यावर 'अजून कापा' असे होते. तिसरी प्रत घरटी एक. गावातले १४२ व वरचे आठ, मिळून दीडशे पान. बुंदी नाही. बायका पाच, त्यांपैकी तानाबाईस तीनशे रुपये, आणि विमलाबाईंपुढे 'घरच्या असल्याने मानधन नाही' असा शेरा. मयत माणूस बोलत नाही, दिसत नाही, त्याचा फोटो लावलेला आहे. हार दोन, एक राखीव. फोटो माझ्या आधार कार्डावरून मोठा करायचा होता. त्या फोटोत मी आधीच वारलेला दिसतो. एकूण एक लाख चोवीस हजार सहाशे. त्यावर सरांची बरोबरची खूण होती.

तिन्ही प्रतींत शेवटची ओळ 'ऐनवेळचा खर्च, दहा टक्के' अशी होती. तिथे कारण लिहावे लागते. बाकीची मुले पाऊस, आजारपण असे लिहितात. वर्षालीने लिहिले होते: 'मामाजी शेवटच्या दिवशी माणसे वाढवतील.' मी तिला बोलावून विचारले, "मी मेल्यावर माणसं कसा वाढवीन?" ती म्हणाली, "तुमची काई ग्यारंटी नाई, मामाजी."

तोवर विमलाबाईंनी माझ्या खांद्यावरून वाचून घेतले होते. त्या म्हणाल्या, "तानाबाईले तीनशे अन् मले फुकट? मंग मी नाई रडत." हे त्या सिनेमातल्या तेरवीबद्दल बोलल्या की खऱ्या, याचा खुलासा त्यांनी अद्याप केलेला नाही.

मी वर्षालीला विचारले, "चूलबंद काऊन कापलं?"

ती म्हणाली, "बजेटात बसत नाई. सर म्हणते, कॅमेऱ्यात दीडशेच लोकं दिसते. जे दिसतच नाई त्यायले काऊन जेवू घालाचं?"

तीन महिने तिला चुली मोजायला शिकवले. मी आजवर ज्यांना जेवू घातले त्यांतले निम्मे कोणाला दिसत नव्हते; मागच्या दारी बसून जेवून जात. त्यांचाच अंदाज मी आधी काढत असे. मला वाईट वाटले. हवालदार बाईंनी विचारले की, राग आला असे लिहू का? तसे लिहू नये. वाईट वाटले असेच लिहावे.

काल सोमवारी सचिनकडून समजले की तिचा अर्ज या ठाण्यात पडला आहे. म्हणून मी आज येथे आलो. ती १५ तारखेस गेल्यावर रविवारी संध्याकाळी मी कोणाशी बोलू, हे हरकतीत घेऊ नये असे मी म्हणालो होतो. कोकिळाबाईंनी ते घेतले आहे. आता खोडल्यास कागद खराब दिसेल, म्हणून राहू द्यावे.

दुपारी साडेबारा वाजता ठाण्याचे साहेब आले. त्यांनी माझा येथपर्यंतचा जबाब व मी सोबत आणलेली फाइल वाचली, काही पाने दोनदा वाचली. ते म्हणाले, "काका, कलम कोणतं लावू? जिवंत माणसाची तेरवी ठरवणं कशातच बसत नाही. धमकी म्हणावी, तर धमकीत सतरंज्या किती, हे कोणी लिहीत नाही." मी म्हणालो, कलम तुम्ही पाहा, मी फक्त हरकत सांगायला आलो आहे. साहेबांनी वर्षालीला जिनिंगमध्ये फोन लावला. ती सव्वादोनला आली. येताना माझी दुपारची रक्तदाबाची गोळी घेऊन आली. ती मी सकाळच्या घाईत घरी विसरलो होतो. गोळी मी घेतली. मात्र पाणी कोकिळाबाईंकडून मागून घेतले.

साहेबांनी तिन्ही प्रती टेबलावर ओळीने मांडल्या व विचारले, "यात सही कुठं आहे?" पहिल्या प्रतीवर 'अंदाज काढणार' या शब्दांखाली वर्षालीची सही होती. दुसऱ्या प्रतीवर होती. तिसऱ्या प्रतीखाली जागा कोरी होती. सही नसलेला अंदाज हा अंदाजच नव्हे, हे मी गावात शंभरदा सांगितले आहे. तरी परवा वाईट वाटण्याच्या भरात मी खाली पाहिलेच नाही. ही चूक माझी आहे.

साहेबांनी सही का नाही विचारले, तेव्हा वर्षालीने माझ्यादेखत सांगितले ते असे: "उद्या संध्याकाळपर्यंत तिसरी प्रत सही करून दिली तं सर पासचा कागद देते. नाई तं नाई. पण घरटी एकवर माह्यी सही होत नाई, साहेब. मी सरांले म्हटलं, सीन सस्ता पायजे तं माणूस बदला. अण्णाजी काळबांड्याची तेरवी घरटी एक होतच नाई. सर म्हणाले, मंग नाव बदलून टाक. आता नाव बदललं तं भैय्याजीची खुर्ची आठाची बारा होते, डोमाजीबी भाव वाढवते, अन् बजेट पुन्हा सव्वालाखाच्या वर जाते. मामाजीचं नाव ठेवलं तंच सस्तं पडते, अन् मामाजीचं नाव ठेवलं तं सस्तं करता येत नाई. शनवारपासून फाइल तशीच पडून हाय."

साहेबांनी विचारले, "म्हणजे तुमची नोकरी या सहीवर अडली आहे?"

ती म्हणाली, "हो."

"आणि हे यांना सांगितलं नाही?"

"सांगतलं असतं तं मामाजी म्हणाले असते, माह्याकरता नको अडू. मंग मले सही करा लागली असती."

यानंतर मी तिसऱ्या प्रतीखालची कोरी जागा चष्मा लावून पुन्हा पाहिली, अशी नोंद कोकिळाबाईंनी आपणहून घेतली आहे. ती बरोबर आहे. मी सकाळपासून तिचा एक कागद अडवायला बसलो होतो, आणि दुसरा तिने माझ्यापायी स्वतःच अडवून धरला होता. मला लाज वाटली. हेही लिहावे.

त्यानंतर मी साहेबांकडे पेन मागितला व तिसरी प्रत समोर ओढली. दीडशे पानांस वांगी वीस किलो धरली होती. अठरा पुरतात. तेलही जास्त होते, पण तेलाला मी हात लावला नाही, तेलात कंजुषी दिसून येते. डोमाजीची मजुरी, भैय्याजींमार्फत आलेली, नऊ हजार लिहिली होती, ती मी शनिवारी डेपोवर साडेसात हजार केलेली आहे. ती तशी लावली. वांग्यांचे शंभर व मजुरीचे दीड हजार असे सोळाशे वाचले. मर्यादेपर्यंतचे मूळचे चारशे शिल्लक होतेच. एकूण दोन हजार हातात आले. साहेब म्हणाले, बुंदी बसते का पाहा. दीडशे पानांस दोन हजारांत बुंदी बसत नाही, नुसती वाटीला चिकटेल. कोकिळाबाई म्हणाल्या, काकांचे एक वाक्य परत घ्या. मला मोह झाला होता. परंतु मेलेल्या माणसाने बोलणे बरे दिसत नाही.

त्यातले तीनशे विमलाबाईंच्या नावापुढे लावले, म्हणजे घरात शांतता राहील. शंभर रुपये फोटोला लावले. आधारचा फोटो नको, आर्वीस स्टुडिओत जाऊन नवा काढावा. राहिलेल्या सोळाशे रुपयांची एक नवी ओळ मी स्वतःच्या अक्षरात लिहिली. ती अशी: 'सून, मुंबईहून तेरवीस येणे आठशे, परत मुंबईस जाणे आठशे.'

साहेब म्हणाले, "काका, या सीनमध्ये मुंबईची सून नाही."

मी म्हणालो, "आता हाय."

मग मी वर्षालीपुढे कागद सरकवला व म्हणालो, "कर सही."

ती म्हणाली, "घरटी एक हाय, मामाजी."

"मले दिसते. कर."

"लोकं काय म्हणतीन?"

"पिक्चरमधले लोकं काऊन म्हणतीन? त्यायच्या बोलाचे पैसे धरलेच नाई आपण. अन् तो फोटोतला म्हातारा मी नाई. माह्यं चूलबंदच होईन, मले घाई नाई. कर."

तिने दुपारी ३.५० वाजता सही केली. सही करताना तिच्या डोळ्यांतले पाणी कागदावर पडले. ते सहीवर न पडता वांग्यांच्या ओळीवर पडले असून अठराचा आकडा वाचता येतो. साहेब तेवढ्यापुरते बाहेर मोटारसायकल पाहायला गेले होते.

तरी माझी हरकत मी मागे घेत आहे. वर्षालीच्या वर्तणुकीबाबत विचारल्यावरून सांगतो की, ती नऊ वर्षांपासून माझ्या घरात आहे. तिने कोणाला उपाशी उठवलेले नाही. तिला हट्ट आहे, तो आमच्या घरात येऊन लागला की माहेरून आणला, हे सांगता येत नाही. वर्तणूक चांगली आहे, असा कागद तिला आजच द्यावा, कारण रेल्वेचे तिकीट काढायचे आहे व १३ तारखेच्या गाडीला गर्दी फार असते.

आणखी असे की, विक्की सरांना शिक्का नसलेला भाव चालत नाही. मी लिहिलेल्या शेवटच्या ओळीला कोणत्या दुकानाचा शिक्का आणू? तरी या जबाबावर ठाण्याचा जो शिक्का पडेल तोच त्या ओळीचाही धरावा, अशी विनंती आहे. साहेबांनी त्यास हो किंवा नाही असे म्हटलेले नाही, पण शिक्का शाईत दोनदा दाबला आहे.

वरील मजकूर कोकिळाबाईंनी मला ऐकू येईल इतक्या मोठ्या आवाजात सुरुवातीपासून वाचला. बाहेर बाकावर बसलेल्या लोकांनीही तो ऐकला. मी सांगितला तसाच तो उतरला आहे. वाचून झाल्यावर कोकिळाबाईंनी एक शंका काढली. त्या म्हणाल्या, "काका, तेरवीले सून आपल्याच घरी येईन, मंग परतीचं भाडं कशाले धरता? ते खोडलं तं आठशे वाचते." तसे करू नये. परतीचे राहू द्यावे. तिची तिथे नोकरी आहे.

सही/-
अण्णाजी सदाशिवराव काळबांडे
समक्ष, वेळ दुपारी ४.३५